मातीला न चुकणारा माणूस

आमच्या ह्यांचं सगळं राजकारण लोकांच्या मौतीवर उभं राहिलं. हे मी चिडून सांगत नाही. चिडून सांगायचं ते त्यांच्या तोंडावर वेळोवेळी सांगून झालेलं आहे.

लग्न होऊन मी बिलोलीहून निलंग्याला आले तेव्हा हे शेजारच्या खेड्याचे नवे सरपंच होते. घराणं नव्हतं, भाषण तर अजिबात येत नव्हतं. पहिल्याच सभेत ‘माझ्या बंधू आणि भगिनींनो’ म्हणाले, घाम पुसला आणि खाली बसले. पण एक गोष्ट त्यांना जमायची. तालुक्यात कुठंही, कुणाच्याही घरी माणूस गेलं की हे मातीला हजर. पाटलाच्या मातीला जितक्या लगबगीनं जायचे, तितक्याच लगबगीनं सालगड्याच्या म्हातारीच्या. खांदा द्यायचे, शेवटपर्यंत थांबायचे, घरच्यांपैकी कुणी उठल्याशिवाय उठायचे नाहीत. तोंडातून शब्द काढायचे नाहीत. भाषण न येण्याचा तेवढा एक फायदा होता.

जीपमध्ये दोन पिशव्या असत. एकीत धोतर आणि टॉवेल, मातीनंतरच्या आंघोळीचे. दुसरीत इस्त्रीचा नेहरू शर्ट आणि फेटा, लग्नाचा. कुणाच्या तरी विहिरीवर दोन बादल्या अंगावर घ्यायच्या, पिशवी बदलायची आणि पुढच्या गावच्या मांडवात शिरायचं. एकदा घाईत फेट्याची पिशवी मातीला उघडली गेली होती, ती गोष्ट आमच्या सासूबाई मरेपर्यंत सांगून हसायच्या. घरी परतताना वाटेत आंघोळ झाली नसेल, तर आमच्या अंगणात चुलीवर पाणी तापलेलं असे. मातीहून आलेल्या माणसानं अंगावर पाणी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हा नेम सासूबाईंचा, त्यांच्यामागं माझा. शाळेतून येऊन दप्तर ठेवायच्या आधी मी पाणी ठेवायची. मी शिक्षिका होते. पण हिशेब केला तर पोरांना शिकवण्यापेक्षा पाणी तापवण्यातच माझं आयुष्य जास्त गेलं असेल.

लोक म्हणायचे, “भाऊ मातीला चुकत न्हाई.” एवढ्या एका वाक्यावर हे पंचायत समितीला निवडून आले, मग जिल्हा परिषदेला.

हे वाक्य पहिल्यांदा म्हटलं ते त्यांच्या दोस्तानं. किल्लारीच्या बाजूला त्याचं गाव. दोघं एकाच वसतिगृहात शिकलेले, एकाच ताटात जेवलेले. ह्यांच्या पहिल्या निवडणुकीत दोस्तानं सायकलवर सारा मतदारसंघ पालथा घातला. स्वतः कधी काही मागितलं नाही. ह्यांना जे बोलता यायचं नाही ते तोच बोलायचा, आणि बोलायचा अशा झोकात की माणसं भाकरी तशीच ठेवून ऐकायची. मला ‘वैनी’ म्हणायचा. त्याची बायको माझ्याच वयाची; दोन मुली होत्या, दोघींचे केस लांबसडक, आणि त्या माझ्याकडं आल्या की वेणी घालून मागायच्या. आईची वेणी सैल होते म्हणायच्या.

गणपती विसर्जनाच्या रात्री हे नांदेडला होते. जिल्हा परिषदेत सभापतिपद मिळायचं घाटत होतं आणि ते ज्यांच्या हातात होतं ते साहेब त्या दिवशी नांदेडात मुक्कामी होते. मिरवणुकीत साहेबांच्या मागं चालायचं, जेवताना साहेबांच्या नजरेला पडायचं आणि सकाळी साहेब निघाले की मग निघायचं. आमच्याकडं ह्याला निष्ठा म्हणतात.

पहाटे जमीन हलली. निलंग्यात आमच्या फडताळातली भांडी धडाधड खाली आली, मी आमच्या लहानग्या लेकीला काखेत मारून रस्त्यावर धावले. सगळी गल्ली रस्त्यावर होती. उजाडल्यावर एकेका गावाचं नाव कानावर यायला लागलं, आणि त्यात दोस्ताचं गाव होतं.

निलंग्यातल्या घराघरातून भाकऱ्या गोळा झाल्या. आम्ही चार-पाच शिक्षिका भाकऱ्यांच्या ट्रकवर बसून निघालो. वरून पाऊस होता. त्या गावात मी लग्नानंतर कितीदा जेवायला गेले होते, तरी त्या दिवशी वेस कुठं होती ते मला कळेना. दगडमातीच्या रुंद भिंती, ज्यांचा लोकांना अभिमान होता, त्याच माणसांवर बसल्या होत्या. मी आणखी वर्णन करणार नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना ते सांगावं लागत नाही.

दोस्त एका कडुलिंबाच्या झाडाखाली बसला होता. पुढं एका चादरीखाली तिघी होत्या. मोठीची वेणी चादरीबाहेर आली होती. मी ती आत सारली.

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, “भाऊ कुठं हाय?”

मला खरंच माहीत नव्हतं. मी म्हणाले, नांदेडला गेलेत.

“म्हंजे वाटंवर असंल,” तो म्हणाला.

पडलेल्या घरांच्या तुळया आणि दारं हेच सरण होतं. रॉकेलचे डबे फिरत होते. मदतीला आलेले लष्कराचे जवान घाई करत होते, आणि त्यांचंही चुकत नव्हतं, पावसात प्रेतं ठेवण्यासारखी नव्हती. दोस्त मात्र आपल्या तिघींना हात लावू देईना. “थांबा. भाऊ येणार हाय. त्यो मातीला चुकत न्हाई.” जवानांना मराठी कळत नव्हतं. त्यानं त्यांना तेच परत परत सांगितलं, शांतपणे, एखाद्या परक्या पाव्हण्याला रस्ता समजावून द्यावा तसं. आजूबाजूची सरणं पेटून विझत आली. दिवस कलला. शेवटी त्याच्या चुलत्यानं त्याला मागून धरलं आणि दुसऱ्या कुणी अग्नी दिला. आमच्यात बायका मातीला जात नाहीत. त्या दिवशी कोण बघत होतं? आमच्या घरातून त्या मातीला मीच होते.

हे तिसऱ्या दिवशी आले. साहेबांनी सांगितलं होतं, “थांब, मुंबईहून मंत्री यायलेत. ताफ्यातच जाऊ. रिकाम्या हातानं जाऊन काय उपटणार तू?” आणि हे थांबले. त्यात तथ्य नव्हतं असंही नाही. ताफ्याबरोबर ताडपत्र्या आल्या, डॉक्टर आले, पाण्याचे टँकर आले. हे चौथ्या गाडीतून उतरले आणि धावत दोस्ताकडं गेले. त्यानं त्यांचे दोन्ही हात धरून बाजूला केले.

“राख सावडून झाली, भाऊ. आता कशाला आलाव?”

एवढंच बोलला. त्यानंतर तो ह्यांच्याशी कधी बोलला नाही.

त्या रात्री हे घरी आले आणि अंगणातच उभे राहिले. मी काहीच तापवलेलं नव्हतं. म्हणाले, “पाणी?” मी आतून ओरडले, “कशाला? तुम्ही कुठं मातीला गेला होतात?” झाडाखालचं सगळं मी त्यांना सांगितलं, एक अक्षर न गाळता. हे तसेच आत येऊन भिंतीला टेकून बसले. भिंतीला तडा गेला होता आणि तिथं बसू नका असं सगळ्यांना बजावलं होतं, तरी तिथंच बसले.

भूकंपानं आम्हाला आमदार केलं. कडू लागलं तरी खरं आहे. पुढची वर्षं हे रोज दोस्ताच्या गावच्या पत्र्याच्या शेडमध्येच होते. मदतीच्या याद्या, घरांचे प्लॉट, विजेचे खांब, बोअर, ह्यातलं जे जे म्हणून त्या गावाला पाहिजे होतं ते ह्यांनी सगळ्यांच्या आधी आणलं. नवं गाव माळावर वसलं, सरळ रस्ते, एकसारखी घरं, प्रत्येक घरावर नंबर. दहावीपर्यंत शाळा आणली. कशाकशाला नारळ फुटला आणि प्रत्येक नारळाच्या वेळी हे गर्दीत एकच तोंड शोधायचे. दोस्त कधी आला नाही. मिळालेलं घर त्यानं घेतलं, चुलत्यांच्या आग्रहानं दुसरं लग्न केलं, उशिरा एक मुलगा झाला. मतही द्यायचा. एकदा कुणाजवळ तरी म्हणाला, “मत भाऊलाच हाय. काम केलंय त्यानं. मत देतो, जीव न्हाई देत आता.” सांगणाऱ्यानं ते कौतुक म्हणून येऊन सांगितलं होतं. हे जेवणावरून उठले.

आमदारकी एकाच खेपेची. पुढच्या वेळी साहेबांनी तिकीट कापलं. ज्यांच्यासाठी हे नांदेडला थांबले होते त्याच साहेबांनी. हे अपक्ष उभे राहिले, पडले. मग पक्ष बदलला, परत पडले. तिसऱ्यांदा उभं राहायचं कुणी म्हणालंच नाही. त्या सुमाराला आम्ही लातूरला राहायला आलो होतो. आमदार असताना बांधलेलं घर होतं, तेव्हा आजूबाजूला ज्वारीचं रान होतं.

त्या रानात क्लासेस उगवले. बघता बघता आमच्या चारी बाजूंना वसतिगृहं, खानावळी, झेरॉक्सची दुकानं झाली, आणि गल्लीगल्लीत ‘रूम भाड्याने देणे आहे’च्या पाट्या. साऱ्या मराठवाड्यातून पोरं डॉक्टर व्हायला येऊ लागली. रेणापूरचं काय, देगलूरचं काय. पोरांबरोबर आया आल्या, मागून बापही आले, गावाकडं कुलपं लागली. आम्हीही वरचा मजला भाड्यानं दिला. ह्यांना क्लासवाले गुणवंतांच्या सत्कारात बोलवायचे. सुरुवातीला अध्यक्ष म्हणून, मग प्रमुख पाहुणे, मग नुसतेच ‘उपस्थिती’त. फ्लेक्सवरचा त्यांचा फोटो दरवर्षी लहान होत गेला, शेवटी शेवटी तर मी चष्मा लावून शोधायची आणि चिडवायची, “सापडलात बाई एकदाचे, केटरिंगवाल्याच्या खाली!” हे हसायचे. फेटा बांधून घ्यायचे, एखाद्या पोरीच्या हातात ढाल द्यायचे आणि परत यायचे. त्या सगळ्या पोरी कुठल्या ना कुठल्या गावची शाळा सोडून आलेल्या असत. त्यात ह्यांनी आणलेलीही एक शाळा होती. पोरांअभावी तिचे वरचे वर्ग बंद झाल्याचं ह्यांना पेपरात वाचून कळलं.

माती मात्र सुटली नव्हती. पण पूर्वी घरच्या पाव्हण्यांच्या आधी आमच्याकडं निरोप यायचा, ते कमी कमी होत गेलं. लोक मरायचे थांबले नाहीत, आम्हाला कळवायचे थांबले. दहाव्यालाच कळायचं, कधी वर्षश्राद्धाच्या जाहिरातीत. जीप विकली. धोतर-टॉवेलची पिशवी दाराच्या खुंटीला लटकत राहिली. मी ती महिन्यातून एकदा धुवायची, आणि कशाला धुते म्हणून स्वतःवरच वैतागायची.

एका संध्याकाळी हे ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाले, “मी आधी गेलो तर त्यो येईल का गं?”

कोण, हे विचारायची गरज नव्हती. मी म्हणाले, “मला काय माहीत?”

“त्यो आधी गेला तर मी जाईन. खांदा तर देऊ देतील. तेव्हा कोण हात बाजूला करणार?” असं म्हणून ते रस्त्याकडं बघू लागले. क्लास सुटला होता, पाठीवर दप्तरं घेतलेल्या पोरांची रीघ चालली होती. ज्या माणसाला जिवंतपणी माफी मिळत नाही त्यानं ती मेलेल्या दोस्ताकडून घ्यायची ठरवली होती. दुसरं काही त्याच्या हाताशी उरलंच नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी फोन आला. दोस्ताचा चुलतभाऊ होता. “भाऊ, दोस्त गेला तुमचा. अकराला माती हाय.” एवढं बोलून ठेवून दिला, त्याला आणखी पन्नास फोन करायचे असतील.

कुठं, हे ह्यांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. आमच्याकडं हा प्रश्नच नसतो. माणूस मुंबईत मरो की पुण्यात, रात्रभर गाडी करून आणतात आणि गावात माती देतात. आमच्या अख्ख्या जन्मात कुणी तो प्रश्न विचारलेला ऐकला नव्हता. हे ताडकन उठले. कितीतरी वर्षांनी मी त्यांना असं उठताना पाहिलं. दाढी केली, खुंटीची पिशवी घेतली आणि शेजारच्याच्या मुलाची गाडी सांगून चहा न घेता निघाले. “लवकर गेलेलं बरं. तिरडी बांधायला हात लागतात,” म्हणाले. फोन चार्जिंगलाच राहिला. फोन येणं बंद झाल्यापासून तो बरोबर न्यायची त्यांची सवयच मोडली होती.

साडेदहाच्या सुमाराला मी भाजी घ्यायला फाटकात उभी होते. मागच्या गल्लीतून मयताची गाडी हळूहळू आली आणि क्लासच्या गर्दीत आमच्या दारासमोर अडकली. पुढं एक मुलगा मडकं धरून चालत होता. त्याच्या बाजूनं चुलतभाऊ होता, ज्यानं सकाळी फोन केला होता. मला क्षणभर काही कळेना. मग कळलं, गाडीत दोस्त होता.

मी ह्यांना फोन लावला. आतल्या टेबलावर वाजला.

चुलतभावाला मी विचारलं, “गावाकडं न्हाई नेत?”

“पोराचा पेपर हाय ना परवा, वैनी. गावाकडं गेलं की चार दिवस मोडतात. मुक्तिधाम जवळ हाय, सर म्हणले इथंच उरकून घ्या.” सर म्हणजे क्लासचे. मग त्यानं इकडंतिकडं बघितलं. “भाऊ कुठं हायत?”

त्याच प्रश्नाला मी दुसऱ्यांदा उत्तर देत होते. म्हणाले, “गावाला गेलेत.”

भाजीची पिशवी तिथंच टाकून मी गाडीच्या मागं चालायला लागले. दुसरं काय करणार? मुक्तिधाम आमच्यापासून दोन चौक. सिमेंटचा चौथरा, वर पत्रा, पलीकडच्या इमारतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. माणसं थोडीच होती. दोस्ताचं तोंड मी पाहिलं. खूप वाळला होता, पण कपाळ तेच. शेजारी त्याची दुसरी बायको उभी होती. तिला मी कोण ते माहीत नव्हतं. गाववाली समजून बोलत राहिली. वर्षभर ते आमच्या मागच्याच गल्लीत राहत होते, एका खोलीत, मुलासाठी. त्याला दम्यानं जिना उतरवत नव्हता.

“समोर भाऊचं घर हाय म्हणायचे,” ती म्हणाली. “खिडकीतून गच्ची दिसायची त्यांची. मी म्हणले, बोलवू का? तर न्हाई म्हणले. मी गेलो की त्यो आपसूक येईल म्हणले. त्यो मातीला चुकत न्हाई.”

हे तो खोचून म्हणाला होता की मनापासून, ते मला आजही ठरवता येत नाही. तिलाही विचारण्यात अर्थ नव्हता, तिच्या दृष्टीनं ते साधं वाक्य होतं. मुलानं अग्नी दिला. मी दोनदा त्या माणसाच्या घरची माती पाहिली, दोन्ही वेळा आमच्या घरातून मीच होते.

घरी आले तर उंबरा ओलांडता येईना. फाटकाच्या आत मागच्या नळाला बादली लावली, वरच्या भाडेकरणीला हाक मारून गरम पाणी मागितलं आणि बादली ओट्याशी ठेवली. तेवढ्यात गाडी आली. हे उतरले. हातातली पिशवी तशीच घडी घातलेली.

गावात कुलपंच होती, त्यांनी सांगितलं. दोन-तीन म्हाताऱ्या होत्या, त्याही ह्यांच्याबरोबर शाळेच्या ओट्यावर वाट बघत बसल्या होत्या. आणतील की, म्हणत होत्या. ह्यांनी जुन्या पद्धतीनं काटक्या, बांबू गोळा करून ठेवले, सुतळी काढून ठेवली. ऊन डोक्यावर आल्यावर कुणाच्या तरी नातवाचा फोन आला, तेव्हा कळलं.

माझ्या कपाळावरची राख आणि ओले डोळे त्यांनी पाहिले. मी कुठून आले ते सांगावं लागलं नाही.

“काही म्हणला होता का त्यो?” त्यांनी विचारलं. “माझ्याबद्दल?”

मी आयुष्यभर ह्या माणसाला सगळं तोंडावर सांगत आले. भूकंपाचं तर अक्षर न गाळता सांगितलं होतं.

“न्हाई,” मी म्हणाले. “काहीच न्हाई.”

त्यांनी मान हलवली. ओट्याशी बादलीतल्या पाण्याची वाफ येत होती. त्यांनी बादली दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढं ठेवली, खुंटीला लावायची पिशवी उघडून त्यातला टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला.

“तू घे. मला नको,” म्हणाले. “मी कुठं गेलो होतो मातीला?”

आणि कोरड्या अंगानं उंबरा ओलांडून आत गेले.